परदेशी जनावरांची हजेरी

निवृत्त शिक्षिकेने काय करावं याबद्दल आमच्या मुरुडात लोकांची मतं पक्की आहेत. नातवंडं सांभाळावीत, पापड लाटावेत आणि संध्याकाळी किनाऱ्यावर चार बायकांत बसून पाचवीच्या सुनेची उणीदुणी काढावीत. मी यातलं काही करत नाही. परदेशातून आणलेले सस्तन प्राणी आपल्या देशातल्या कुठकुठल्या प्राणिसंग्रहालयात आहेत, याची मी हजेरी ठेवते. जिराफ कुठे आहे, झेब्रा कुठे उरला, पाणघोडा कुठे मेला, कांगारू कुठल्या शहरात नव्याने आला. हे ऐकलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "याचे काही मिळतात का?" नाही म्हटलं की त्याचा माझ्यातला रस संपतो. माझा त्याच्यातला त्याआधीच संपलेला असतो.

हा नाद शाळेतच लागला. विज्ञानाच्या तासाला चित्रं दाखवायचे तर पोरं विचारायची, "बाई, ह्यो खराखुरा आपल्याकडं कुठं हाय का?" मला माहीत नसायचं. मुख्याध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले, परीक्षेला येत नाही. मग मी एकेका प्राणिसंग्रहालयाला फोन लावायला लागले. तिकडे जी काय रत्नं फोन उचलायची! एकदा एकाला विचारलं, तुमच्याकडचा पाणघोडा आहे का अजून? तर म्हणतो, "म्याडम, वाघ आहे, वाघ चालेल का?" कपाळावर हात मारून घेतला. तेव्हापासून ठरवलं, स्वतः जाऊन बघायचं.

सुट्ट्यांत आम्ही दोघं निघायचो. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते, त्यामुळे प्रवासाला कधी नाही म्हणाले नाहीत. प्राण्यांत त्यांना काडीचा रस नाही. ते पाणघोड्याच्या डबक्याशेजारी सावली बघून डबा उघडायचे आणि म्हणायचे, "तू ये फिरून. मी आणि तुझा भाऊ इथेच आहोत." माझा भाऊ अंगाने जरा भारी आहे. पण आमचे हे निदान जनावराजवळ तासभर बसायचे तरी. बाकीची जनता पिंजऱ्यापुढे येते, वेफर्सचं पुडकं फोडते, पाटी मोठ्याने वाचते आणि पुढे जाते. प्राणी मेला तरी पाटी कोणी काढत नाही, उलट दिवाळीच्या आधी तिला नवा रंग देतात. आणि लोक रिकाम्या गवताकडे बघून एकमेकांना सांगतात, झोपला असेल.

असाच नाद असलेले आणखी लोक देशभर आहेत, हे मला मोबाईल हातात आल्यावर कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं. इंजिनियर, डॉक्टर, बँकेतले मॅनेजर अशी सगळी शिकलेली मंडळी. त्यांचा एक ग्रुप आणि सगळ्यांना बघता येईल अशी एक यादी. तिचा नियम एकच, फोटो असेल तरच नोंद. फोटोत जितकी डोकी तितकी यादीत. त्यामुळे हे लोक पिंजऱ्यापुढे फोटो निघेपर्यंतच उभे राहतात, आणि निघाला की पुढच्या पिंजऱ्याकडे धावतात. त्यांचे जे प्रमुख, त्यांच्या कॅमेऱ्याला दुधाच्या किटलीएवढं भिंग आहे. मी त्यांना मनात भिंगवाले म्हणते. यादीत दुरुस्ती करायचा हक्क त्यांनी स्वतःकडेच ठेवलाय. जणू काही मादागास्कर यांच्या आजोबांचं.

मादागास्करचं नाव आलंच आहे तर तिथल्या एका लेमूर मादीचं सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठीच लिहायला बसले आहे. घाटावरच्या एका शहरात जुनं प्राणिसंग्रहालय आहे. तिथे लेमूरची एक मादी. मांजराएवढं जनावर, शेपटीवर काळेपांढरे पट्टे, डोळे नारिंगी, उजव्या कानाची कड फाटलेली. हे प्राणी कळपात राहतात. सकाळी उन्हाला पोट करून ओळीने बसतात आणि थंडी वाजली की एकमेकांना चिकटून एकच गोळा होतात. हिचा नर मेला होता. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती फळीवर बसली होती, आणि शेजारी एक लेमूर मावेल एवढी जागा मोकळी ठेवून बसली होती. मला तर भडभडून आलं. शेजारची बाई नवऱ्याला सांगत होती, "अहो, माकड बघा, शेपटी रंगवलीय."

हिला सोबत मिळवून द्यायची, एवढं एकच मी मनावर घेतलं. उत्तरेकडच्या एका प्राणिसंग्रहालयात लेमूरचं अख्खं कुटुंब आहे आणि वयात आलेला एक नर बापाशी रोज मारामाऱ्या करतो, हे मला माहीत होतं. तिथल्या अधिकाऱ्यांना फोन केला, पुन्हा केला, करतच राहिले. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "बाई, तो आम्हाला कुठेतरी द्यायचाच आहे. तिकडे एकटी मादी असेल तर तिकडे देऊ, त्यांच्याशी बोलतो." त्या दिवशी मी घरात पापलेट आणलं. हे म्हणाले, "जावई ठरल्यासारखं करतेस." मी म्हटलं, ठरलाच आहे.

आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत, त्या आम्ही पर्यटकांना देतो. ग्रुपला त्या वर्षी एकत्र जमायचं होतं, तर भिंगवाल्यांनीच सुचवलं, मॅडमकडे समुद्र आहे. आले सगळे. आल्या आल्या पंखा हळू फिरतो म्हणून कुरकुर सुरू. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीवाड्यातली मासे घालणारी दारातूनच हाक मारून गेली, "बाई, गादे आलेत बघा, धक्क्याम्होरं खेळतान." गादे म्हणजे डॉल्फिन. मी सगळ्यांना हलवून सांगितलं, चला, डॉल्फिन आलेत. तर एकजण पोह्यावरचं खोबरं निवडत म्हणाला, "ते इथलेच ना? मग यादीत नाही येत." छपरावर रात्रभर उदमांजर धावलं, त्याच्यावरही हेच. इथलंच. नारळीच्या बागेत उभे राहून हे दीडशहाणे फोनवर कांगारूंचे फोटो एकमेकांना दाखवत होते. मी आणि मासेवाली धक्क्यावर गेलो. ती म्हणाली, "ही मान्सं पैशे भरून आलीत न् समुद्राकं बघत न्हाईत व्हय?" मी म्हटलं, न्हाईत.

त्याच दुपारी जेवताना भिंगवाल्यांनी फोन पुढे केला. "मॅडम, तुमची लेमूर. मागच्या महिन्यात जाऊन आलो. आता एकटी नाही बरं, जोडी आहे. यादीत टाकली मी, त्याच दिवशी."

मला एकदम आनंद झाला, खोटं का बोलू. नर पोचला की काय? पण फोन आला नव्हता. मी चष्मा लावून फोटो मोठा केला. दोन लेमूर, एकमेकांकडे तोंड करून, अगदी नाकाला नाक. एकीचा उजवा कान फाटलेला. दुसरीचा डावा, त्याच जागी. एकीने जो हात फळीवर टेकला होता, त्याच्या समोरचा दुसरीनेही.

"हे दोन नाहीत," मी म्हटलं. "काहीतरी घोटाळा आहे."

"मॅडम, फोटो आहे."

"कान बघा की."

"कान फाटतात हो. मारामारी करतात ते," असं म्हणून त्यांनी सोलकढी मागितली. पंगतीतले बाकीचे हसले. माझ्याच घरात, माझ्याच हातचं खाऊन हे नाकाने कांदे सोलत होते. वाटलं, वाटी त्या भिंगावर ओतावी. ओतली नाही, हे मला आजही चुकल्यासारखं वाटतं.

मंडळी गेली त्याच दिवशी मी ह्यांना उठवलं. मुरुडहून एसटीने माणगाव, तिथून ताम्हिणीतून वर. प्राणिसंग्रहालयात पोचले तर लेमूर फळीवर होती, भिंतीला अगदी चिकटून. भिंतीला आरसा लावलेला. न्हाव्याकडे असतो तसा, चार स्क्रूंनी बसवलेला. ती त्यात बघत होती, मधेच त्याला अंग टेकत होती, आणि आता तिच्या शेजारी मोकळी जागा नव्हती.

तिची देखभाल करणारा माणूस पपईच्या फोडी घेऊन आला. तो म्हणाला, "खात नव्हती ना. डॉक्टर बोलले आरसा लावून बघू. तेव्हापासून खाते बरं. सकाळी उन्हात तिथंच बसते." मी विचारलं, नर आला नाही का? तो म्हणाला, येणार होता म्हणतात, मग काय झालं ठाऊक नाही.

मी तिथूनच उत्तरेला फोन लावला. अधिकारी म्हणाले, "बाई, तुम्हीच गोंधळ घालता. आम्ही पक्कं करायच्या आधी तुमच्या लोकांची यादी पाहिली, त्यात जोडी दिसली, फोटोसकट. मग आमचा नर आम्ही दुसरीकडे दिला. गेला पण." मी म्हटलं, साहेब, तुम्ही सरकारी माणूस, एक फोन करून तिथल्या लोकांना विचारायचं नाही? त्यावर ते म्हणाले, "फोन कोण उचलतं हो?" हे मात्र खरं होतं. कर्म माझं.

तिथल्या बाकावर बसून मी आरशाचा फोटो काढला, बाजूने, काच आणि स्क्रू नीट दिसतील असा, आणि ग्रुपवर टाकला. खाली जे लिहिलं ते इथे लिहीत नाही. शाळेत मी पोरांना कधी असं बोलले नव्हते. शिकून सवरून तुम्हाला आरसा कळत नाही, एवढाच त्याचा सभ्य भाग. उत्तरादाखल अंगठे आले. एकाने हसणारं तोंड पाठवलं. भिंगवाल्यांनी संध्याकाळी लिहिलं, "दुरुस्ती केली आहे. धन्यवाद मॅडम." दोनाचा एक केला, झालं. एक नर हातचा गेला याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. आमचे हे घरी येईपर्यंत माझा हात धरून बसले होते.

पण तो फोटो ग्रुपमध्ये थांबला नाही. कुणीतरी तो पुढे पाठवला, मग आणखी कुणी, आणि फिरत फिरत आमच्याच शाळेच्या जुन्या ग्रुपवरून माझ्याकडे परत आला. खाली लिहिलं होतं, मुक्या जिवाची क्रूर फसवणूक, लाज वाटली पाहिजे, जास्तीत जास्त शेअर करा. ज्यांनी जन्मात लेमूरकडे पोटभर बघितलं नाही, त्या सगळ्यांना एकदम कळवळा आला. अंगठा फिरवायला काही लागत नाही ना.

थंडीत पुन्हा घाटावर गेलो. मी दुसऱ्या एका नराची खटपट सुरू केली होती आणि तिथल्या साहेबांना समक्ष भेटायचं होतं. साहेब नव्हते. पिंजऱ्याकडे गेले. आरसा नव्हता. भिंतीवर चार भोकं होती आणि त्यांच्यामध्ये रंग थोडा उजळ राहिला होता.

"काढायला लावला वरून," देखभाल करणारा म्हणाला. "लय बोभाटा झाला ना. कुणीतरी फोटो टाकला मोबाईलवर." मी काढलाय हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्याने थाळीतल्या पपईच्या कालच्या फोडी काढल्या आणि आजच्या ठेवल्या.

ती फळीवर बसली होती. भिंतीच्या त्या उजळ भागाकडे तोंड करून, मधे एक लेमूर मावेल एवढी जागा मोकळी सोडून. मागून एक कुटुंब आलं, बापाने पाटी वाचली, फोटो काढला आणि ते पुढे गेले. ग्रुपची यादी आता अगदी बरोबर आहे. लेमूर, मादी, एक.