परत पाठवलेली गोधडी

किसनराव वकील गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. ताट तसंच राहिलं. दीड महिना झाला, पण सकाळी कोर्टाच्या वेळेला माझे कान अजून दाराकडंच असतात...

सत्तरच्या दशकात वसमतला एकाच खोलीत आम्हा दोघांची वकिली चालायची. पक्षकार सगळे खेड्यांतले, पोस्टावर त्यांचा काडीचा भरवसा नाही. कागद यायचे एसटीच्या कंडक्टरच्या हाती. कुणाचे भाकरीच्या फडक्यात, कुणाचे हळदीच्या पोत्यात. एक सातबारा तर असा पिवळाधमक आला, की मी म्हणालो, "किसन, याचं आता लग्नच लावून टाक." तो हसला नाही, कागद पुसत बसला. माझी थट्टा त्याच्यावर नेहमीच अशी वाया जायची.

पक्षकाराची भेटवस्तू घ्यायची नाही, हा त्याचा नेम. तूर असो, तूप असो, आल्या गाडीनं परत. कुरुंद्याच्या सखुबाईनं गोधडी पाठवली, तीही त्यानं उघडून न बघता परत केली. सखुबाई विधवा, मेंढरं राखायची. तिचं तीन एकर रान दीर बळकावू बघत होता, आणि नवऱ्याच्या नावचं निजामाच्या काळातलं खरेदीखत एवढाच तिचा आधार होता.

तारखेला बाई निवांत आली. किसननं खरेदीखत मागितलं.

"तुमच्याकडंच हाय की. दिराच्या भेवानं गोधडीत शिवून धाडलं." मग त्याच्या तोंडाकडं बघून हळूच म्हणाली, "वापस काहून केली, साहेब?"

स्टँडवर कंडक्टरला गाठलं. तो म्हणाला, "बाई घरी न्हवती. दिली तिच्या दिराकडं."

दीर कोर्टातच बसलेला. किसननं 'चूक माझी आहे' एवढंच सांगून दुपारपर्यंत मुदत मागितली आणि बाईला घेऊन कुरुंद्याची गाडी धरली. जावेनं गोधडीवर लेकरू निजवलं होतं. सखुबाईनं गोधडी मागितली, आतल्या कागदाचा पत्ताच नसलेल्या जावेनं लेकरू उचलून ती देऊन टाकली. दुपारी कोर्टात जज्जसाहेबांसमोर शिवण उसवली... खरेदीखत शाबूत, एक कोपरा तेवढा लेकरानं ओला केलेला. रान बाईचंच राहिलं. किसन मात्र त्या दिवशी जेवला नाही.

शेवटी दवाखान्यात भेटलो तेव्हा त्याला माणसं ओळखू येत नव्हती. बोटं पांघरुणाच्या काठावरून एकसारखी फिरत होती.

"किसन, काय शोधून राहिला?"

"शिवण बघू दे," तो म्हणाला. "कुणाचा तरी कागद असंल."

मला रडू आवरलं नाही. मीही त्याच्यासोबत तो काठ चाचपत बसलो.