ताटाखालचा प्रश्न

पोवोआ या कोळ्यांच्या गावच्या बंदरावर पायांच्या आजाराचं नाव कुणी मोठ्यानं घेत नसे. तो रक्तातूनच येई, आईबापांकडून मुलांकडे; आधी पाय बधिर होत, मग माणूस खंगत जाई. देओलिंदाचा भाऊ त्यातच गेला. म्हणून तिने मासे भाजणाऱ्या खानावळींना गळ घातली आणि ताटाखालच्या कागदांवर छापून घेतलं : 'पायांना गरम-गार कळतं का?'

पहिल्याच दुपारी कोळी झेफेरिनो ओरडला, "अगं देओलिंदा, जेवताना काय हे वाचायला लावतेस?"

"मग सांग ना, कळतं का?"

त्याने आवाज खाली आणला. "बधिरच असतात गं. बापाचेही होते."

"अरे वेड्या, आता औषध आहे! उद्याच तपासायला चल."

"मीपण येते," शेजारच्या टेबलावरची बाई उठून म्हणाली.

देओलिंदाला हसू आवरेना. कागदांचा गठ्ठा उचलून ती पुढच्या खानावळीकडे धावतच सुटली.