शुद्धीत असलेल्या माणसाजवळ

"टिटॅनस आहे," सांगलीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. टिटॅनस म्हणजे धनुर्वात. पायात उसाचं खोडकं घुसलं होतं, ती जखम मी हळद भरून विसरून गेले होते. आता दातखीळ बसली होती.

पलूसहून बैलगाडीत घालून मला आणलं ते शंकरने, माझ्या धाकट्या भावाने. लढाई संपून तो नुकताच ब्रह्मदेशातून परतला होता.

मला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. उजेड पडला, भांडं वाजलं, की अंग कमानीसारखं वर उचललं जाई. हाडं मोडतात की काय असं वाटे. सीरम टोचलं होतं. सीरम म्हणजे विषावरचा उतारा. पण आत भिनलेलं विष त्याने निघत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. वाट बघायची, एवढंच हातात होतं.

या रोगात माणूस पुरता शुद्धीत असतो, हे लोकांना ठाऊक नसतं. मला सगळं ऐकू येत होतं.

एका सकाळी मोठा झटका येऊन गेल्यावर शंकर डॉक्टरांना म्हणाला, "दाक्तर, मॉर्फियाची जादा सुई द्या. सोडवा हिला."

"नाही."

"लढाईत पोट फुटलेल्या दोस्ताला म्या गोळी घालून सोडवलंय. त्यानं हात जोडलं हुतं."

"त्याच्या जगण्याची आशा नव्हती. हिची थोडी आहे. आणि नसती, तरी मी दिली नसती."

"मग त्यो खून हुता का?"

डॉक्टर दाराकडे वळले. मग म्हणाले, "मी तिथे नव्हतो."

ते गेले. शंकरने माझ्या पायाखालची उशी काढून हातात घेतली. मला ओरडता येत नव्हतं. तो वाकला. "आक्का, सुटायचं असंल तर डोळं मिट. न्हाईतर उघडं ठेव."

खरं सांगते, मिटावेत असंच वाटत होतं. पण मिटले म्हणजे पुन्हा उघडायचे नाहीत, हे मनात आलं आणि धडकी भरली. डोळ्यांची आग झाली, पाणी वाहू लागलं, तरी मी पापणी लवू दिली नाही.

त्याने उशी खाली ठेवली. माझ्याच पदराने माझे डोळे पुसले आणि भिंतीशी जाऊन बसला.

पुढे झटके विरळ झाले. चमच्याने पेज जाऊ लागली. काठी धरून मी घरी आले.

डॉक्टरांचे उपकार मी मानतेच. शंकरचेही मानते, कारण त्याने विचारलं. अशा दुखणेकऱ्याजवळ बसणाऱ्यांनो, तो ऐकतोय हे ध्यानात ठेवून बोला.

मी जगले म्हणून त्या दोस्ताच्या बाबतीत शंकर चुकला, असं मला म्हणवत नाही. बरोबर होता, असंही म्हणवत नाही.

सुगीत आम्ही दोघंच खळ्यावर होतो. तो अचानक म्हणाला, "आक्का, म्या पाप केलं का गं?"

मी विचारलं, "त्याचं नाव काय हुतं?"

आजवर कुणी त्याला हे विचारलं नव्हतं. त्याने नाव सांगितलं, गाव सांगितलं, तो दोस्त आपल्या आईची कशी नक्कल करायचा तेही सांगितलं. अंधारून आलं तरी तो बोलत होता, आणि मी ऐकत होते.