चार शिंका आणि चार किल्वर

हसा बिनधास्त, पण आधी ऐका. नंदुरबारात ब्रिजचे नियम मराठीत कोणी उतरवले? मी. शब्दकोश शेजारी ठेवून, तीन महिने खपून. धुळ्याच्या क्लबालाही एक प्रत पाठवली. ही हौस मला नडली.

धुळेकर दरवर्षी येत, आम्हाला हरवत आणि पेला घेऊन जात. त्या रविवारी मात्र शेवटच्या डावापर्यंत आम्ही बरोबरीत होतो. दहा हात केले की पेला आमचा! खेळ मिरचीच्या वखारीच्या माडीवर. खाली पोती भरणं चालू. माझे भिडू सारंगखेड्याचे आबा पाटील.

माझ्याकडे सात इस्पिकं. म्हणायचं होतं "चार इस्पिक", म्हणजे इस्पिक हुकूम धरून दहा हात; तोंडातून निघालं "चार किल्वर". किल्वर माझ्याकडे दोनच! सुधारणार, तोच खालून मिरचीचा खाट आला आणि मी शिंकलो. एकदा नाही, चारदा. मग म्हणालो, "इस्पिक. चार इस्पिक."

पुढची पाळी धुळ्याच्या वकिलांची. ते बोली बोललेच नाहीत. खिशातून मी पाठवलेली नियमांची वही काढली.

"'चुकलेली बोली त्याच दमात बदलावी. दम तुटल्यास पहिली बोली कायम, आणि भिडूने गप्प राहावे.' अक्षर तुमचंच ना, भाऊसाहेब?"

"माझंच."

"चार शिंका एका दमात बसतात?"

"सोडी द्या ना, वकीलसाहेब," आबा म्हणाले. "मिरचीनी धूळ शे ती."

"मी कोण सोडणारा? नियम लिहिणाऱ्यालाच विचारा."



"चार किल्वर," मी म्हणालो. आबांनी असं पाहिलं, जणू त्यांची घोडी मी जत्रेत फुकट देऊन टाकली.

सगळे पास. भिडूच्या रीतीप्रमाणे आबांनी आपली पानं टेबलावर उघडी मांडली. इस्पिक एकही नाही, किल्वर मात्र सहा, एक्क्यापासून खाली ओळीनं! मी मोजून दहा हात केले. आणि उरलेली सहाही इस्पिकं? वकिलांच्या हातात दबा धरून बसलेली. इस्पिक बोललो असतो तर मेलोच होतो.

"नियम पाळावा तर तुमच्यासारखा," वकील हात मिळवत म्हणाले. पेला नंदुरबारात राहिला. त्यांना गाडीत बसवून परतताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

दुसऱ्या सकाळी रोजनिशीत नियम शब्दशः उतरवावा म्हणून मूळ इंग्रजी पुस्तक उघडलं. तिथे लिहिलेलं: जीभ घसरली असल्यास आपला भिडू बोली बोलेपर्यंत बोली बदलता येते. दमाचा उल्लेखच नाही! तो मी पदरचा घातलेला, भाषेला वजन यावं म्हणून. म्हणजे खरा नियम मला येत असता, तर आम्ही हरलो असतो.

तसाच आबांकडे गेलो. सगळं सांगितलं. वही दुरुस्त करतो म्हणालो.

आबांनी पेला फडक्यानं पुसत वर पाहिलं. "भाऊ, पुढला वरीस धुळेवाला परत येतीन. तोपावत तू काही शिकू नको."