धावड्याच्या फोटोग्राफरचा आवाज

कॅबिनेटचं झाकण काढलं आणि मी खुर्ची मागं सरकवली. आतून गोमूत्राचा वास आला.

“काका, हे काय हो? कॉम्प्युटर गोठ्यात बांधला होता काय?” मी म्हणाले.

माझी जीभ अशीच आहे. जालन्यात स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. चहा सांडलेले, मुंग्यांनी वारूळ केलेले, पालीनं अंडी घातलेले कॉम्प्युटर उघडून उघडून माझी सहनशक्ती केव्हाच संपली. गिऱ्हाईक रागावतं, जातं, आणि परत येतं. काम बराबर होतं ना, मग बोलू दे बाईला, असं म्हणतात म्हणे माझ्यामागं.

समोरचे काका रागावले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“गोठ्यात न्हाई, ताई. घरातच व्हता. पोराचं तेरावं झालं, मंग घर शुद्ध केलं. आमच्या हिनं समदीकडं शिंपडलं. त्याच्या खोलीत जरा जास्तीच. दिवसभर तिथंच बसायचा ना तो.”

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. पाण्याची बाटली त्यांच्यापुढं सरकवली.

काका भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचे. कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आले होते. त्यांचा एकुलता एक मुलगा फोटोग्राफर. घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ. लग्न, साखरपुडा, बारसं, आसपासच्या गावांतल्या सगळ्या ऑर्डरी त्याच्याच. बदनापूरकडची एक ऑर्डर करून रात्री मोटरसायकलवर परत येताना ट्रकनं उडवलं. कॅमेरा, मोबाइल, सगळ्याचा रस्त्यावर चुरा झाला.

“मी संगं नव्हतो त्या दिवशी,” काका म्हणाले. “न्हाई तर दर ऑर्डरला जायचो. लाइट धरायला. ताप आल्ता म्हणून घरी राह्यलो. त्योच म्हणला, आबा, पडून राहा.”

तेराव्यानंतर शेजारच्या एकानं कॉम्प्युटर चालू करून बघितला. मुलाचे फोटो मोठे करून घ्यायचे होते. आतून फट् असा आवाज आला, धूर निघाला, आणि सगळं बंद पडलं.

मी तपासायला घेतलं. एसएमपीएस गेला होता. भिंतीतला करंट कॉम्प्युटरला पचेल असा करून देणारा तो पत्र्याचा डबा. त्यानं जाता जाता मदरबोर्डही नेला. लोकांना वाटतं, कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणजे फाइली गेल्या. तसं बिलकुल नसतं. फाइली असतात हार्ड डिस्कमध्ये. बाकीचं मशीन भंगारात गेलं तरी डिस्क धड असली की ती काढायची, दुसऱ्या मशीनला लावायची, झालं काम.

मी डिस्क काढली, माझ्या मशीनला लावली. फिरेना. उलटी करून बघितली. डिस्कच्या पाठीवर एक हिरवी पट्टी असते, तिला पीसीबी म्हणतात. तिच्यावर काळा डाग होता आणि कडेनं हिरवट बुरशीसारखं चढलेलं. ओल, तिच्यात करंट, आणि वर गोमूत्रातला खार. एवढं पुरतं.

“कोणते फोटो पाहिजेत? लग्नाबिग्नाचे की त्याचे स्वतःचे?” मी विचारलं.

“फोटो नको, ताई. फोटो हाय भिंतीवर. ही म्हणती, आवाज पायजे. लेकराचा आवाज इसरायला लागले म्हणती.”

“आवाज तर कुठंही सापडेल की. त्यानं केलेले व्हिडिओ घरोघरी असतील गावात.”

“हायत ना. समदे बघून आलो. गाणेच हायत निस्ते.”

मी कपाळाला हात लावला. बरोबर होतं त्यांचं. आपल्याकडं लग्नाचा व्हिडिओ बनवताना फोटोग्राफर मूळ आवाज काढून टाकतात आणि वर गाणी बसवतात. बँडचा गोंगाट नको, जनरेटरची घरघर नको, आणि कॅमेऱ्यामागून स्वतः ओरडलेलं तर मुळीच नको. त्याचा आवाज असणार होता फक्त कच्च्या शूटिंगमध्ये, ज्याला रॉ म्हणतात. आणि रॉ कोणी ठेवत नाही. ऑर्डर दिली की डिलीट. पुढच्या लग्नाला जागा लागते ना.

काकांचा मोबाइल बटनांचा. त्यात व्हॉट्सॲप नाही, रेकॉर्डिंग नाही. कोणाच्या फोनमध्ये त्याचं बोलणं मिळतंय का, तेही गावभर विचारून झालं होतं. म्हणजे जे काय होतं ते या मेलेल्या डिस्कमध्ये, तेही पुसलेलं.

निघताना काका दारातून परत आले.

“एक ऐका, ताई. ते शिंपडल्यानं बिघडलं असंल, तर तिला सांगू नका. ती आधीच जेवंना झाली.”

माझा धंद्याचा एक नियम आहे. बिघाड कशानं झाला ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं, म्हणजे पुन्हा होत नाही. त्यात मी कोणाची भीड ठेवत नाही. पण काकांना मी मान हलवून हो म्हणाले.

आता पीसीबीचं काम. अगदी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची पट्टी शोधावी लागते. ती मिळाली तरी नुसती बदलून भागत नाही. पट्टीवर तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप असते आणि तिच्यात त्या डिस्कची स्वतःची खूण साठवलेली असते. जुनी चिप गरम हवेनं उतरवायची आणि नव्या पट्टीवर बसवायची. हात हलला की खेळ खल्लास. संभाजीनगरच्या एका ओळखीच्या भंगारवाल्याकडं तशी पट्टी सापडली. ती येईपर्यंत धावड्याहून रोज फोन. काका नाही, काकू.

“ताई, बोलला का?”

पहिल्यांदा मला कळलंच नाही. कोण बोलला का? मग कळलं. “नाही अजून, काकू,” मी म्हणायचे. माझ्या तोंडून तेव्हा एकही वाकडा शब्द निघाला नाही. दुकानातली माणसं माझ्याकडं बघायला लागली, हिला काय झालं म्हणून.

एकदा त्यांनी विचारलं, “पण बंद कशानं पडला असंल वो? चांगला चालत व्हता.”

“बघतेय,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

चिप बसवली. डिस्क लावली. फिरली! मी टेबलावर हात आपटला. पण आनंद फार टिकला नाही. डिस्क वाचत होती, पण मध्येच अडखळत होती. अशा डिस्कला घाई चालत नाही. जल्दी केली तर आहे तेही जातं. आधी तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची आणि मग नकलेवरच शोधाशोध करायची. नक्कल हळूहळू उतरत राहिली. मी बाकीची कामं करता करता एक डोळा तिच्यावर ठेवला.

आणि मग निघाली लग्नं. काय सांगू, सगळ्या परिसराची लग्नं. हळदीत माखलेल्या नवऱ्या, रुसलेले मामा, पंगतीत तोंडात घास असताना पकडलेले पाहुणे. सगळी गाण्यांसकट. त्याच्या स्वतःच्या नावाचा फोल्डर होता. त्यात काय असावं? आधार कार्डचा स्कॅन आणि पासपोर्ट साइज फोटो. सगळ्या मुलखाच्या आठवणी जपणाऱ्याकडं स्वतःचं एवढंच. मला त्याचा राग आला, खरं सांगते. मेल्या माणसाचा राग येतो कधी कधी.

मग पुसलेल्या फाइली. फाइल डिलीट केली की ती लगेच जात नाही. कॉम्प्युटर फक्त तिच्या जागेवर ‘रिकामी’ अशी पाटी लावतो. नवं काही येऊन बसेपर्यंत जुनं तिथंच असतं. पण हा पोरगा कामाचा होता. एका लग्नावर दुसरं लग्न येऊन बसलेलं. बहुतेक रॉ क्लिपांचे तुकडे झाले होते. काही उघडेनात. काहींत चित्र होतं, आवाज नव्हता. काहींत आवाज होता, पण तो बँडचा. मी हेडफोन घालून ऐकत बसले. मधे कुठं कोणी पुरुष बोलला की थांबायचे. पण तो असेल की नवरदेवाचा मामा, मला कसं कळणार? मी त्याला कधी ऐकलंच नव्हतं.

मग एक क्लिप उघडली. छोटीच. चित्र अर्धं हिरवं झालेलं, पण आवाज साफ. त्यात कोणीतरी ‘आबा’ म्हणालं. मी हेडफोन काढून ठेवला. पुढचं ऐकलं नाही. त्यांच्या आधी मी ऐकणं मला बरं वाटेना.

फोन लावला. काकूंनीच उचलला.

“ताई, बोलला का?”

“या काकू,” मी म्हणाले.

दोघं पहिल्या एसटीनं आले. काकू बारीक, डोक्यावरून पदर घट्ट. दुकानात पाय ठेवताना चप्पल बाहेर काढली. मी नको म्हणाले तरी काढली. दोघांना स्क्रीनसमोर बसवलं. स्पीकर लावला.

“एकच सापडली,” मी आधीच सांगितलं. “आणि छोटी आहे.”

“असू द्या,” काका म्हणाले.

क्लिप चालू केली. एक मांडव. पाटावर नवरी. कडेला टोपी घातलेला एक माणूस, हातात लाइटचा दांडा. पाठमोरे काकाच. आणि कॅमेऱ्यामागून आवाज आला.

“आबा, लाइट वर घ्या. आजून. आजून थोडा वर. हां, बास! तसंच धरा, आबा. हलू नका.”

संपली.

काकू स्पीकरजवळ सरकल्या. पदराचा बोळा तोंडात धरला आणि बोटानं मला खूण केली, पुन्हा लाव. मी पुन्हा लावली. पुन्हा. पुन्हा. त्या स्क्रीनकडं बघतच नव्हत्या. कान स्पीकरला लावून, डोळे मिटून बसल्या होत्या. मग एकदम म्हणाल्या, “माझा बाळ. घसा बसल्याला दिसतो. हळदीला ओरडला असंल.” आणि मोठ्यानं रडल्या.

मी काकांकडं बघितलं. त्यांचा उजवा हात वर होता. डोक्याच्या वर, मूठ वळलेली, दांडा धरल्यासारखी. क्लिप संपली होती, मी स्पीकरही बंद केला होता, तरी हात वरच. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि माणूस हलत नव्हता.

मला राहवलं नाही. उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“काका, हात खाली घ्या. झालं शूटिंग.”

तेव्हा कुठं त्यांनी हात खाली घेतला.

जाताना काकूंनी विचारलंच. “ताई, मंग कशानं बंद पडलं व्हतं वो?” काकांनी माझ्याकडं बघितलं.

“व्होल्टेज कमीजास्त झालं, काकू. खेडेगावात होतं असं,” मी म्हणाले. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाला दिलेलं हे माझं एकमेव खोटं निदान.

क्लिप पेन ड्राइव्हवर दिली. नुसता आवाज काढून काकांच्या बटनाच्या फोनच्या मेमरी कार्डातही टाकला. रिंगटोन करून देऊ का विचारलं, तर काका म्हणाले, “नको. फोन आला की उचलावा लागंल, आन् उचलला की त्यो गप होईल.”

पुढं दिवाळीच्या सुमारास काका एकटेच आले. खिशातून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. “बोलंना गेला,” म्हणाले. बघितलं तर पेन ड्राइव्हच्या तोंडात कुंकू भरलेलं. काकू मुलाच्या फोटोपुढं तो ठेवतात. रोज फोटोला हळदकुंकू लावतात, तसं त्यालाही. “फोनातला बोलतो,” काका म्हणाले, “पण तिला तिथला पायजे. त्याच्या फोटोपुढचा.”

माझ्याकडं कॉपी होती. नव्या पेन ड्राइव्हवर टाकून दिली. या वेळी मी बोलले, पण आवाज चढवला नाही.

“काकूंना सांगा, पूजा करा. रोज करा. फक्त टोपण लावून करा.”

त्यांनी मान हलवली आणि पेन ड्राइव्ह टोपीच्या घडीत नीट खोचला.

फोटोग्राफर पोरं दुकानात येतात, डिस्क भरली म्हणून. मी त्यांना सांगते, रॉ डिलीट करा, पण ज्यात तुम्ही बोलताय अशी एक क्लिप घरी देऊन ठेवा. दोन कॉप्या. पोरं हसतात. “मॅडम, आमचा आवाज कोणाला पायजे?” म्हणतात.