तीन दिवस, फक्त पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, पुण्याच्या लेकीला नाही. माझ्या मालकांना यातलं निम्मं माहीत होतं, पण ते गेले, आणि उरलेलं निम्मं त्यांच्यानंतर घडलं. रोज सकाळी प्रार्थनेला बसते, डोळे मिटते, आणि तिथेही हे एवढं सोडून बाकी सगळं बोलते. देवासमोरसुद्धा टाळाटाळ — म्हणजे बघा. आता तुम्हाला सांगायला बसले तर आधी दाराची कडी दोनदा बघून आले. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तीसेक वर्षं इंजेक्शनं दिली, तेव्हा कधी अशी कचरले नव्हते.

मानवतमध्ये मला सगळे सिस्टर म्हणतात. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी सिस्टरच. भाजीवालीसुद्धा म्हणते, सिस्टर, मेथी ताजी हाय. आमची मंडळी छोटी — वीस-बावीस घरं, पत्र्याचं प्रार्थनाघर, पुढे एक सिमेंटचा ओटा. आणि त्या मंडळीत माझी एक ख्याती आहे. सिस्टर उपासाच्या पक्क्या. उत्तम शुक्रवाराआधी, म्हणजे गुड फ्रायडेआधी, तीन दिवस उपास करतात. फक्त पाण्यावर.

खरं सांगू? मला एक वेळसुद्धा उपाशी राहता येत नाही.

कधीच आलं नाही. अकरा वाजले की डोकं ठणकायला लागतं, हातपाय गळतात, समोर दिसेल त्याच्यावर खेकसते. आजोबांपासूनचे आम्ही ख्रिस्ती, घरात लेंटचे, ईस्टरआधीच्या उपासांचे, चाळीस दिवस कडक पाळलेले, आणि मी ही अशी. गंमत बघा — मंडळीत नव्याने आलेल्या बायका जन्मभर एकादशी, गुरुवार, चतुर्थी करत आलेल्या. त्यांना उपास म्हणजे हातचा मळ. आणि मी त्यांना शिकवणार, की बायांनो, साबुदाणा आणि भगर हा फराळ झाला, आपला उपास तसा नसतो, आपण तोंडात काहीच घालत नाही. त्या माना डोलवायच्या. एकीने तर मला विचारलं होतं, शेंगदाणे बी न्हाई? मी म्हणाले, शेंगदाणेसुद्धा नाही. आणि माझ्या कोठीत, दाराआड, शेंगदाण्याची चटणी आणि सकाळची भाकरी झाकून ठेवलेली असायची.

हे सुरू कसं झालं? एका उपास-प्रार्थनेत कुणीतरी कौतुकाने विचारलं, सिस्टर, कधीपासून उपाशी आहात? मी म्हणाले, कालपासून. एवढंच. तेव्हा ते तोंडातून निघून गेलं. पुढच्या वर्षी लोक आपणहून म्हणाले, सिस्टर दोन दिवस करतात. त्याच्या पुढच्या वर्षी मीच तीन म्हणाले. शिवाय उपास लोकांना दाखवायचा नसतो, चेहरा सुकवून फिरायचं नसतं, हे आपल्याला शिकवलेलंच आहे. त्याची मला केवढी सोय झाली! मी ताजीतवानी दिसायचे आणि लोक म्हणायचे, बघा, उपास असून कळतसुद्धा नाही. माझ्या मालकांनी एकदा मला कोठीत उभ्याने खाताना पाहिलं.  पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला आणि बाहेर गेले.

तर मालक गेल्यानंतरच्या एका वर्षी पाळकसाहेबांनी मला नव्या लोकांचा उपासाचा वर्ग घ्यायला सांगितलं. पाचजणी होत्या. मी वही केली. वहीत लिहिलेलं सगळं बरोबर होतं, हे मी आजही सांगते. पहिल्यांदा एकच जेवण सोडा. पाणी भरपूर प्या, आपल्याकडे चैत्रात ऊन डोकं फोडतं. जेवणाची जी वेळ वाचली ती प्रार्थनेला द्या, नाहीतर ती नुसती उपासमार. गरोदर बाई, अंगावर पाजणारी, शुगरवाली — यांनी अन्न सोडू नये, दुसरं काहीतरी सोडावं. बोलणं कमी करावं, टीव्ही सोडावा. उपास सोडताना आधी पेज घ्यावी. नर्सच ना मी. मला हे कुणी सांगायला लागत होतं का?

त्या पाचांत कांताबाई होती. पन्नाशी ओलांडलेली, मूळची बोरीची, आठवडी बाजारात लसूण-मिरची विकणारी. घरातून ती एकटीच मंडळीत यायची. नवरा म्हणायचा, जा बाई, तुला बरं वाटतं तर जा. तिला शुगर होती, रोज सकाळी गोळी. आणि तिची लेक, रेखा, दीड वर्षापासून माहेरी येऊन बसलेली. जावई न्यायला येईना, फोन उचलेना. कांताबाईला उपास शिकायचा होता तो एवढ्यासाठी. मी तिला पहिल्याच दिवशी म्हणाले, तू अन्न सोडायचं नाहीस, तू चहा सोड. तिने ऐकलं. पाच शुक्रवार तिने चहा सोडला, आणि बाजारात बसणाऱ्या बाईने चहा सोडणं ही साधी गोष्ट नाही.

मग उत्तम शुक्रवाराआधीचा, झावळ्यांचा रविवार आला. प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची, साक्ष द्यायची वेळ झाली आणि पाळकसाहेब म्हणाले, सिस्टर, नव्या लोकांना दोन शब्द. मी उभी राहिले. काय गरज होती? पण उभी राहिले, आणि बोलता बोलता म्हणाले, की ह्यांचं ऑपरेशन होतं तेव्हा मी तीन दिवस फक्त पाण्यावर होते, आणि प्रभूने ऐकलं. ऑपरेशन झालं होतं, ते वाचले होते, हे खरं. त्या तीन दिवसांत मी दवाखान्याच्या कँटीनमध्ये दोन्ही वेळा जेवत होते, हेही खरं. कांताबाई सतरंजीवर अगदी पुढे बसली होती. तिचे डोळे भरून आले होते. मी ते पाहिलं आणि — लाज वाटते सांगायला — मला बरं वाटलं.

बुधवारी दुपारी दारावर थाप पडली. मी कोठीत होते. तोंडात घास होता. घाईघाईने गिळला, पदराने तोंड पुसलं, दार अर्धंच उघडलं आणि उंबऱ्यातच आडवी उभी राहिले. मागे स्वयंपाकाच्या ओट्यावर ताट तसंच होतं. कांताबाई उन्हातून आली होती, चेहरा लाल, पण हसत होती. म्हणाली, आज सकाळपासून तिनेही धरलाय. माझ्याबरोबर. तीन दिवस, फक्त पाणी. शुक्रवारी तीनची उपासना झाली की दोघी मिळून सोडू, तिने गूळसुद्धा आणून ठेवलाय. माझा उपास ऐकला गेला, मग तिचाही जाईल, रेखाला न्यायला येतील.

तेव्हा मी काय करायला हवं होतं, हे तुम्हाला सांगायला नको. आत ये म्हणायला हवं होतं, ताट दाखवायला हवं होतं. बाई, मी खोटं बोलले, बस, जेव माझ्याबरोबर. नाहीतर निदान नर्स म्हणून दरडावायला हवं होतं. पण मला घामाघूम होऊन एकच वाटत होतं, की हिने आत येऊ नये. हिला शेंगदाण्याचा वास येऊ नये.

मी म्हणाले, झेपेल तेवढं कर.

ती जायला वळली, आणि पुन्हा थांबली. "सिस्टर, मग गोळीचं काय करू? घिऊ का नको?"

"गोळी चुकवू नकोस," मी म्हणाले आणि दार लावलं.

गोळी चुकवू नकोस. हे वाक्य मी दवाखान्यात हजारदा म्हटलेलं. पेशंटला वाटेला लावायचं वाक्य होतं ते. पण पोटात अन्न नसताना ती गोळी घेतली की साखर कुठवर उतरते, हे मला माहीत नव्हतं? दार लावल्यावर लगेच माहीत होतं. कडी अजून हातात होती. ती गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा गेली नसेल. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी ओट्याकडे गेले आणि राहिलेली भाकरी संपवली.

गुरुवारी मी तिच्या घरावरून गेले. मुद्दाम गेले. लेक म्हणाली, आई निजलीय. मी बरं म्हणाले आणि पुढे झाले.

शुक्रवारी बारा ते तीन आमची उपासना असते. येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, एकेकावर संदेश, मध्ये गीत. पत्रा तापलेला, दोनच पंखे. कांताबाई माझ्या शेजारी येऊन बसली. उशीर झाला म्हणून आम्हाला जागा मिळाली ती अगदी दाराजवळ, ओट्याच्या पायरीपाशी. माझ्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेली शेंगदाण्याची चिक्की होती. अर्धी सकाळीच खाल्लेली. तीन तास मला निघत नाहीत, म्हणून दरवर्षी मी ती आणते आणि खोकल्याचं निमित्त करून मागच्या नळावर जाते.

चौथा उद्गार झाला आणि सगळे गीताला उभे राहिले. कांताबाईचा हात माझ्या हाताला लागला. थंडगार, ओला. त्या उकाड्यात थंडगार. मी बघितलं तर तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, ओठ थरथरत होते, ती माझ्याकडे बघत होती पण ओळख पटत नव्हती. याला काय म्हणतात हे मी झोपेतही सांगेन. साखर उतरली. दोन मिनिटांत काहीतरी गोड तोंडात घाला, बस. आणि ते गोड माझ्या हातातल्या पर्समध्ये होतं. पर्सची चेन उघडायची, रुमाल सोडायचा, तुकडा तिच्या गालात सारायचा.

पण अर्धी खाल्लेली चिक्की होती ती. चहूकडून बायका. मागे पाळकीणबाई. तीन दिवस पाण्यावर असलेल्या सिस्टरच्या पर्समध्ये अर्धी चिक्की कशी?

मी चेन धरून उभी राहिले. धरूनच. मनात म्हणाले, गीत संपू दे, सगळे बसतील, मग हळूच. गीताला पाच कडवी होती. मी गात होते, तुम्हाला खरं वाटेल का? मी गात होते, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघत होते. तिसऱ्या कडव्याला ती झुलायला लागली. चौथ्याला मी चेन थोडी सरकवली. मग पुन्हा लावली.

पाचव्या कडव्याला कांताबाई पायरीवरून खाली पडली. हाड मोडल्याचा आवाज मी नोकरीत ऐकलेला होता. तो मला ओळखू आला.

मग धावपळ झाली. पाळकीणबाईंनी घरातून साखर आणली, मीच ती पाण्यात कालवून तिच्या तोंडात सोडली, मीच रिक्षा बोलावली, परभणीला मीच बरोबर गेले. लोक म्हणाले, सिस्टर होत्या म्हणून वाचली. स्वतः तीन दिवसांच्या उपाशी, तरी बघा कशा धावल्या. आत प्रार्थनाघरात 'मला तहान लागली आहे' हा पाचवा उद्गार त्या दिवशी राहूनच गेला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सळई घातली. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर नीट आली, तेव्हा खाटेजवळ मी एकटी होते. रेखा खाली चहा आणायला गेली होती. कांताबाईने माझा हात धरला.

"सिस्टर, तुमाला न्हाई आली चक्कर?"

हीसुद्धा वेळ होती. दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "नाही."

"मग माझाच इस्वास कमी पडला," ती म्हणाली. "अर्ध्यात मोडला मी. आता लेकीचं काय व्हायचं?"

मी तिचं पांघरूण नीट केलं. सलाईनचे थेंब मोजले. 

याला आता तीन वर्षं होतील. कांताबाई काठी घेऊन चालते, एक पाय आखूड झालाय. बाजारात जमिनीवर बसता येत नाही म्हणून पथारी गेली. रेखा आता चार घरची धुणीभांडी करते. जावयाने दुसरं घर केलं. आणि कांताबाईच्या डोक्यात पक्कं बसलंय, की हे सगळं तिचा उपास मोडल्याने झालं. प्रभुभोजनाला, भाकरी आणि द्राक्षारस घ्यायला, ती पुढे येत नाही. मागे काठी धरून बसून राहते. पाळकसाहेबांनी समजावलं, तर म्हणाली, मी न्हाई लायक, ते सिस्टरसारख्यांचं काम हाय. मी तिथेच होते. बोलले असते तर सगळं बदललं असतं. बोलले नाही.

उपासाचा वर्ग अजून मीच घेते. तीच वही. शुगरवाल्यांचं पान मोठ्याने वाचते, आणि उदाहरण म्हणून — होय — कांताबाईचं नाव घेते.

आज सकाळी ती आली होती. काठी टेकत, एवढ्या लांबून, उन्हातून. मी दार अर्धं उघडलं. म्हणाली, रेखाला दवाखान्यात आयाची जागा निघालीय, मुलाखत हाय. "मला तर काई जमत न्हाई आता. तुमीच उपास धरा माझ्या लेकीच्या नावानं. तुमचं ऐकतो त्यो."

मी म्हणाले, धरते.

तिने काठी बगलेत घेऊन दोन्ही हात जोडले. मी ती गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत दारात उभी होते, मग कडी लावली. अकराला दहा मिनिटं कमी होती. कोठीत गेले आणि दाराआड उभी राहून दोन भाकरी खाल्ल्या.