बिनउंबऱ्याची न्हाणी

आमच्या आईने आयुष्यभर लोकांना आंघोळी घातल्या. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. नुकतं जन्मलेलं मूल असो, ओली बाळंतीण असो की अर्धांगाने पडलेला म्हातारा, ती गरम पाण्याची बादली आणि टॉवेल घेऊन पडद्याआड जायची आणि थोड्या वेळाने तो माणूस लखलखीत होऊन बाहेर दिसायचा. निवृत्त झाल्यावर ती नेवाशाजवळच्या आमच्या गावी येऊन राहिली, तेव्हाही गावाने तिला नर्सबाईच ठेवलं. दुसऱ्याच्या हातून आंघोळ करून घेणं म्हणजे काय, हे तिने इतक्या जवळून पाहिलं होतं की म्हातारपणाविषयी तिची एकच अट होती. "मला कुणी न्हाऊ घालायचं नाही. तूसुद्धा नाही." हे ती मला भाजी निवडता निवडता सांगायची, पण गंमत म्हणून नाही.

मग ती पडली. आमची जुनी न्हाणी मागच्या अंगणात, पायऱ्या उतरून. पायरी ओली होती आणि आईचा खुबा मोडला. नगरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना रोज चालवा. हिंडत्याफिरत्या राहिल्या तर स्वतःचं सगळं स्वतः करतील. बसून राहिल्या तर मात्र माझ्या हातात काही नाही." आईने ते ऐकलंच. घरी आल्या आल्या वॉकर पुढे ढकलत ती म्हणाली, "घरातच संडास-न्हाणी बांध. उंबरा नको, हा घोडा सरळ आत गेला पाहिजे. भिंतीला धरायला दांड्या लाव. बाकी माझं मी बघते."

घरात आम्ही दोघीच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बांधकामातलं मला ओ की ठो कळत नाही. गावात बांधकामाचे ठेके घेणारा एक मिस्त्री होता, चाळिशीतला, गोड बोलणारा. मी विचारायला गेले तर त्याने हातच जोडले. "ताई, मी बाईंच्याच हातचा. बाईंची न्हानी म्या न्हाई बांधायची तर कुनी?" आमच्या गावातली निम्मी माणसं मिशनच्या दवाखान्यात आईच्याच हातून जन्मली आहेत, तेव्हा ही काही गवंडीकामाची पात्रता होत नाही. मला मात्र त्या दिवशी ती वाटली.

पहिल्या दिवशी तो आला आणि मोबाईलमधलं होकायंत्र काढून आईच्या खोलीत गोल फिरला. न्हाणी खोलीला लागून कोपऱ्यात काढायची असं आमचं ठरलं होतं. त्याचा चेहरा पडला.

"ताई, ही तर ईशान्य."

"मग?"

"ईशान्येला संडास? माज्या हातानं? न्हाई जमायचं."

भिंतीवर क्रूस होता. तो मी त्याला दाखवला. म्हटलं, आम्ही नाही मानत हे.

"तुमचा देव येगळा आसंल ताई, दिशा तर त्याच हायेत ना?"

पलंगावरून आई म्हणाली, "अरे, माझं हाड मोडलं ते कुठल्या दिशेला?" तो हसला, पण ऐकेना. मग त्याने सांगितलं, पूर्वी एका घरी त्याने असा कोपऱ्यात संडास बांधला आणि वर्षाच्या आत त्या घरातला कर्ता मुलगा गाडीखाली गेला. लोकांनी मिस्त्रीलाच बोल लावला. हे सांगताना त्याचा आवाज खरोखर कापत होता. आईलाच त्याची दया आली. "जाऊ दे, त्याला जिथं बरं वाटतं तिथं बांधू दे," ती म्हणाली.

त्याला बरं वाटलं ते घराच्या पार दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराशेजारच्या अडगळीच्या खोलीत. म्हणजे आईने खोलीतून निघायचं, हॉल ओलांडायचा, ओट्याच्या कडेकडेने जायचं आणि मग न्हाणी. मी चडफडले. आई म्हणाली, "बरंच झालं, तेवढंच चालणं होईल." आणि ती चालायला लागली. सकाळ-संध्याकाळ त्या अडगळीच्या खोलीपर्यंत जायची, दाराला हात लावायची आणि परत यायची. परत आली की धापा टाकत असायची, पण चेहऱ्यावर शाळेत पहिला नंबर आल्यासारखा भाव. ते दिवस मला फार आवडले.

मग कामाला सुरुवात झाली, आणि चांगले दिवस संपले.

सांडपाण्याचा आणि मैल्याचा पाइप एकच आहे, जुनी न्हाणी पाडल्याशिवाय नवी जोडता येत नाही, असं म्हणून त्याने पहिल्याच झटक्यात जुनी न्हाणी जमीनदोस्त केली. वाळू, विटा, फरशीची खोकी सगळं हॉलमध्ये आणून टाकलं, कारण बाहेर ठेवलं तर चोरीला जातं. आणि तो गेला. शिंगणापूरला दुकानांच्या गाळ्यांचं मोठं काम त्याला मिळालं होतं.

आमच्याकडे आता जुनी न्हाणी नव्हती आणि नवीही नव्हती. मी शेजारच्यांकडे जात होते. आईसाठी खोलीत भोकाची खुर्ची आणली आणि साडीचा पडदा बांधला. ती पडद्याआड बसून ओल्या फडक्याने स्वतःचं अंग पुसायची. "आत यायचं नाही," असं बजावायची. मी बाहेर उभी राहून तिचं फडकं पिळणं ऐकायची.

फोन केला की तो उचलायचा, हे कबूल केलं पाहिजे. "निघालोच ताई." "सिमिटाच्या गाडीतच बसलोय." "उद्या पैल्या टायमाला तुमचंच काम." एकदा म्हणाला, पितरपाट चालू आहे, या पंधरवड्यात नवं काम काढत नाहीत. मी म्हटलं, नवं कुठलं, तूच अर्धवट टाकलेलं आहे. आईने पडद्याआडून ऐकलं आणि म्हणाली, "त्याला सांग, माझे पितर चर्चच्या मागे झोपलेत, त्यांची काही हरकत नाही." मी सांगितलं. तो मनापासून हसला. आला मात्र नाही.

हॉलमधल्या वाळूच्या ढिगातून वॉकर जाईना. मी सामान एका बाजूला सारून वाट करायचा प्रयत्न केला, पण फरशीची खोकी मला हलत नव्हती. आई खोलीतल्या खोलीत चार पावलं टाकायची आणि बसायची. मग म्हणाली, खुबा दुखतो. मग चार पावलंही थांबली. एक दिवस पडद्याआडून हाक आली, "जरा पाठ पुसून दे गं. फक्त पाठ." मी आत गेले. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि मान वळवून माझ्याकडे बघत नव्हती. काही आठवड्यांनी पायापर्यंत हात पोचेनात. मग केस धुवायचे राहू लागले. प्रत्येक वेळी "फक्त" म्हणायची. फक्त पाय, फक्त केस. माझ्या डोळ्यांदेखत ती एकेक गोष्ट सोडून देत होती आणि मी त्या माणसाला फोन लावत बसले होते. इतकं असहाय्य मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दुसरा मिस्त्री बघावा म्हणून मी कमी खटपट केली नाही. एक कुकाण्याहून आला, एक गावातलाच. दोघांनी आत डोकावून पाहिलं, भिंत ठोकून पाहिली, चहा घेतला. दोघांचं उत्तर एकच. "दुसऱ्याच्या अर्ध्या कामाला आमी हात लावत न्हाई ताई. उद्या काय झालं तर नाव आमचं." म्हणजे बाकी काही जमो न जमो, एकमेकांची अब्रू राखणं यांना चांगलं जमतं.

दसऱ्याच्या पुढेमागे तो अचानक उगवला आणि चार माणसं लावून त्याने फरशी बसवूनही टाकली. मी शाळेतून आले तर तो कौतुकाने दारात उभा. आत पांढरीशुभ्र फरशी, कमोड, आणि दारात चांगला चार बोटं उंच संगमरवरी उंबरा.

"हे काय आहे?"

"उंबरा ताई. पानी भायेर येऊ नये म्हनून."

मी बादलीभर पाणी आत ओतलं. न्हाणीच्या जमिनीला जाळीकडे उतार द्यायचा असतो, त्याला ते लोक ढाळ म्हणतात. पाणी जाळीकडे गेलंच नाही. ते निवांत दाराकडे आलं आणि उंबऱ्याला टेकून उभं राहिलं. ढाळ उलटा पडला होता आणि तो झाकायला वर उंबरा चढवला होता. मी त्या दिवशी जे बोलले ते वर्गात कधी बोलले नसते. वॉकर कसा जायचा? तुझी बाई उडी मारून जाणार आहे का आत? तो खाली मान घालून उभा. तेवढ्यात खोलीतून आईचा आवाज आला.

"अगं, ओरडू नकोस त्याच्यावर. पायाळू आहे तो. जन्मतानाच उलटा आला, त्याच्याकडून सरळ काम कसं होईल?"

तिघेही हसलो. तोही हसला, डोळे पुसत. तिने केलेला तो शेवटचा विनोद मला आठवतो. त्यानंतर ती बोलायची, पण कमी. जेवायला काय करू विचारलं तर म्हणायची, काहीही कर.

सगळी फरशी परत फोडावी लागणार होती. फोडलीही. आणि मग दिवाळी आली, त्याची माणसं आपापल्या गावी गेली, आणि यावेळी फोन बंदच लागू लागला.

एका शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मी स्कूटर घेऊन शिंगणापूरला गेले. दर्शनाची तुफान गर्दी होती. गाळ्यांच्या रांगेच्या मागे तो बांबूंच्या परांचीवर नाही, तर खाली मालाच्या ढिगाजवळ उभा सापडला. मला बघून त्याने आधी चहा सांगितला. मी म्हटलं, "इथं घराला दारं लावत नाहीत, त्याची सवय लागली वाटतं तुला. आमच्या न्हाणीला नुसती चौकट आहे."

"तसं न्हाई ताई, दार सुताराकडं तयार हाय." मग हळूच विचारलं, "बाई कशा हायेत?"

"बसून आहे."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "शनि आमुशाच्या आत गाळे द्याचेत. हितनं मला सोडत न्हाईत. पन ही आमुशा झाली की बाईंचं काम, आईशप्पत." त्याला खरंच वाईट वाटत होतं. तेच तर सहन होत नव्हतं. तो लबाड असता तर मी पोलिसात गेले असते, चारचौघांत त्याची शोभा केली असती. पण हा माणूस आईवर जीव टाकत होता आणि तरीही येत नव्हता. मी चहा तसाच ठेवला. परतीच्या रस्त्यावर हेल्मेटच्या आत मी इतकी रडले की मला स्कूटर बाजूला घ्यावी लागली.

अमावस्या झाली. आणखीही झाल्या. शेवटी तो आला तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. आला तो मात्र हलला नाही. स्वतः गुडघ्यावर बसून त्याने एकेक फरशी लावली, पाण्याची नळी धरून ढाळ पुन्हापुन्हा तपासला. उंबरा काढला, सुताराकडचं दार आणून लावलं. घरातली फरशी आणि न्हाणीची फरशी एकसारखी, बोट फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. भिंतीला स्टीलच्या दांड्या बसवल्या आणि मजबुती दाखवायला तो स्वतः पाय उचलून एका दांडीला लोंबकळला. हॉलमधली वाळू झाडून काढली. न्हाणी खरोखर सुंदर झाली होती.

त्याने आणि मी मिळून आईला तिथवर आणलं. वॉकर आम्हीच पुढे सरकवत होतो. तिचे पाय मागून नुसते घासत येत होते.

"बगा बाई, तुमची न्हानी."

"छान केलीस रे," ती म्हणाली. तो तिच्या पाया पडला आणि समाधानाने गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गीझर लावला. बादली भरून ठेवली, साबण आणि टॉवेल तिच्या हाताशी ठेवला, तिला आत स्टुलावर बसवलं. दांडी कुठे आहे ते तिचा हात धरून दाखवलं. म्हटलं, "आई, आता तुझं तू. मी बाहेर आहे, लागलं तर हाक मार." दार ओढून घेतलं आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मला वाटत होतं, आता आतून तांब्याचा आवाज येईल. खूप वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी मुद्दामच थांबले, घाई करायची नाही म्हणून. मग न राहवून दार उघडलं.

ती तशीच बसली होती, गाऊनसकट, हात मांडीवर ठेवून. तांब्या कोरडा होता. मला बघून तिने दोन्ही हात वर केले, लहान मुलं कपडे काढून घ्यायला करतात तसे. तोंड भिंतीकडे वळवलं नाही, लाजली नाही. माझ्याकडे सरळ बघत होती.

"किती वेळ लावलास गं?" ती म्हणाली.

मी तिचा गाऊन काढला. मला तिथेच खाली बसून मोठ्याने रडायचं होतं, पण पाणी निवत चाललं होतं.